मिनिटाला नऊ शब्द

७ जानेवारी

प्रिय ताई,

रविवारी फोन मधेच बंद झाला, तो रेंज गेली म्हणून नाही. मी ठेवला.

तू विचारत होतीस की पडद्यांना कुठला रंग घेऊ, आणि मला म्हणायचं होतं 'राखाडी'. आता राखाडी हा काही अवघड शब्द नाही. पण आलाच नाही. तोंड उघडं, आत काही नाही. तेवढ्यात तू म्हणालीस, "राखाडी का?" ऑपरेशन झाल्यापासून, गेले पाच महिने, तू मला असे शब्द पुरवतेयस, लहान पोराला घास भरवावेत तसे. तुझा हेतू चांगला असतो, म्हणूनच जास्त लागतं. तेव्हा इथून पुढे पत्रं. कागदावर मला थांबता येतं आणि मी किती वेळ थांबले ते तुला कळत नाही.

आता जे सांगितलं नव्हतं ते. डिसेंबरात बंदरवाल्यांची बैठक होती. सभागृहाच्या मागे आम्हा दुभाष्यांची काचेची खोली, म्हणजे बूथ, त्यात मी आणि बुवा. (बुवा माझा जोडीदार. माइक सुरू करण्याआधी गुणगुणतो म्हणून बुवा.) वक्ता बोलत होता, मी दोन शब्द मागून आपल्या भाषेत बोलत होते, वीस वर्षं करते तसं, आणि 'नांगर' आला. जहाजाचा. मला तो दिसत होता गं, गंजलेला, साखळीसकट. नाव येईना. नऊ सेकंद. दोनशे माणसांच्या कानात नऊ सेकंद शांतता. लोक माना वळवून काचेकडे बघायला लागले. शेवटी बुवाने माझा माइक बंद केला आणि स्वतःचा लावला.

आमच्या मॅनेजरबाई फार गोड आवाजात म्हणाल्या, "जूनपर्यंत विश्रांती घ्या."

तुमच्या शहरातल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात एक अभ्यास चाललाय, माझ्यासारख्या, कॅन्सर होऊ नये म्हणून अंडाशयं काढलेल्या बायकांचा. इस्ट्रोजेन एकदम बंद झालं की मेंदूच्या निरनिराळ्या भागांची आपसातली जोडणी कशी बदलते, ते स्कॅन करून बघतात. मग तीन महिने पोटावर एक पट्टी लावायची, पुढचे तीन महिने दुसरी. एकीत इस्ट्रोजेन असतं, एकीत काहीच नाही. कुठली कुठली ते आपल्यालाही माहीत नसतं आणि त्यांनाही. माझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी कागद बघून होकार दिलाय. तुलनेसाठी त्यांना बहीण हवी असते. पाळी चालू असलेली.

म्हणजे तू.

एक लिहूनच टाकते. आई ज्या कॅन्सरने गेली त्याचा धोका आपल्यात उतरलाय का, हे रक्त तपासून बघायला आपण दोघी एकाच दिवशी गेलो, एकाच बाकावर बसलो. तुझ्या पाकिटात 'नाही' निघालं, माझ्यात 'हो'. तू माझ्यासाठी रडलीस. मी रडले नाही, मी तुझ्या पाकिटाकडे बघत होते. मला तुझा हेवा वाटतो, ताई. रोज वाटतो.

जाशील का तपासून घ्यायला?

तुझी मिठू


१९ जानेवारी

चि. मिठूस,

हवे तेवढे आशीर्वाद.

जाऊन आले. त्या यंत्रात शिरलं की डोक्याशी कुणी भिंत फोडतंय असा आवाज. संशोधक बाई तरुण आहेत, खोलीभर मेंदूची चित्रं आणि त्यांवर रंगीत रेघांची जाळी, म्हणून मी त्यांचं नाव ठेवलं जाळेवाली. विचारलं, "आत पडल्या पडल्या काय करू?" म्हणाली, "काही करू नका. समोरच्या फुलीकडे बघा, मन जाईल तिकडे जाऊ द्या." मन कुठे जाणार, गॅसकडे. बंद केला की नाही, यावर वीस मिनिटं गेली. बाहेर आल्यावर ओशाळून सांगितलं, तर म्हणते, "छान! माणूस काही करत नसला तरी मेंदूचे भाग एकमेकांशी बोलत असतात. कोण कुणाशी जास्त बोलतं, तेवढं आम्ही ऐकतो." म्हटलं, म्हणजे तुम्ही भिंतीला कान लावणाऱ्या शेजारणी. पोटभर हसली. तुझे भावजी विचारत होते, आत काही सापडलं का.

नंतर एक मिनिटाची परीक्षा. 'क'वरून येतील तेवढे शब्द. माझे एकवीस झाले. सांगणार नव्हते, पण तू विचारशीलच.

तुझं ते हेव्याचं वाक्य वाचून मी आधी खुर्चीत बसले. अगं, हा मक्ता तीस वर्षं माझ्याकडे आहे! पाहुणे आले की बोलायला तू. शाळेत निरोपाचं भाषण करायला तू. दुभाष्याची परीक्षा दोघींनी दिली, तू पास झालीस आणि मी कानाला हेडफोन लावून दगडासारखी बसून राहिले, एक शब्द फुटला नाही. तेव्हापासून मी वकिलांची मृत्युपत्रं भाषांतरित करते. एकटी, टेबलाशी, शब्दकोश उघडा टाकून. तेव्हा हेवा हा माझा प्रांत आहे, बाई. त्यात तू घुसू नकोस.

पट्टी वेळेवर बदल.

ताई


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

एकवीस!

माझे नऊ. कावळा, कपाट, कात्री, कुलूप, कागद, काठी, कढई, केस, कुत्रा. नववा कुत्रा पंचविसाव्या सेकंदाला आला. पुढची पस्तीस सेकंदं मी आणि तो कुत्रा एकमेकांकडे बघत बसलो होतो. जाळेवालीने घड्याळ खाली ठेवलं आणि म्हणाली, "ठीक आहे." हे 'ठीक आहे' मला पाठ झालंय. नर्सबाई म्हणतात, मॅनेजरबाई म्हणतात.

तिने माझं चित्र दाखवलं. कपाळामागच्या भागातून कानाच्या वरच्या भागाकडे ज्या रेघा जायला हव्यात, त्या माझ्या फिक्या आहेत. अगदी नाहीत असं नाही. शाई संपत आलेल्या पेनने ओढल्यासारख्या. मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं दाखवा." तर म्हणे, "बहीण असली तरी डोकं तिचं आहे, मी दाखवू शकत नाही."

तुला एक प्रत दिलीय ना? मला पाठव. एकवीस शब्दांचं जाळं कसं दिसतं ते मला बघायचंय. उगाच जिवाला त्रास कशाला, असं लिहू नकोस. जीव माझा आहे.

पहिली पट्टी लागलीय. पहिले दिवस काहीच नाही.

मिठू


१ मार्च

चि. मिठूस,

उशीर झाला. पडदे शिवायला घेतले होते आणि एक बाही उलटी, म्हणजे एक झालर उलटी लागली, सगळं उसवावं लागलं. वकिलांकडूनही एक लांबलचक मृत्युपत्र आलंय. चार मुलगे, एक घर, आणि प्रत्येकाला दर्शनी खोली हवीय.

ते चित्र कुठल्यातरी खणात गेलंय. सापडलं की पाठवते.

बरं, सहज विचारते. बूथमध्ये बसल्यावर पाणी पितेस की नाही? आणि भराभर आकडे आले की काय करतेस? एक वाक्य डोक्यात असताना दुसरं सुरू झालं, तर पहिलं सोडून द्यायचं का? इतक्या वर्षांत हे मी तुला कधी विचारलंच नाही, म्हणून.

ताई


१२ मार्च

माझी लबाड ताई,

मला कळत नाही असं वाटलं का तुला? तू मला सराव करायला लावतेयस. विसरलेल्या माणसाला त्याचंच काम समजावून सांगायला लावायचं, म्हणजे त्याला आठवतं. ओळखलं मी. आणि फार बरं वाटलं गं, म्हणून सविस्तर लिहिते.

पाणी कोमट, घोट घोट. गार प्यायलीस की आवाज जातो. चपला काढून बसायचं, पाय जमिनीला लागलेले बरे असतात. ऐकणाऱ्यांकडे बघायचं नाही, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. आकडा कानावर पडला की लगेच लिहायचा, मोठा, पान डावीकडे ओढून, म्हणजे जोडीदारालाही दिसतो. अर्ध्या तासाने माइक त्याच्याकडे. पहिलं वाक्य कधीही सोडायचं नाही, पण त्याची शेपटी कापायची. आणि शब्द अडलाच तर त्याच्याशी झटापट करायची नाही, त्याला वळसा घालायचा. 'नांगर' येत नाही? 'जहाज धरून ठेवणारं वजन' म्हण आणि पुढे चल. हे मी नव्या मुलींना शिकवलंय आणि त्या दिवशी मला स्वतःला सुचलं नाही, याची चीड अजून जात नाही.

बातमी अशी की शब्द येतायत! घरी घड्याळ लावून 'क' केला, सोळा झाले. झोपही लागतेय. पट्टी खरी असणार, मी पैज लावते. तडक मॅनेजरबाईंना फोन केला. महिनाअखेर तुमच्याच शहरात पाणीवाटपाची परिषद आहे, तीन दिवसांची, मला घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "सोय झालीये हो." कोण आहे ते सांगेनात.

जी कोणी माझ्या खुर्चीत बसणार आहे, तिचा घसा बसो.

तुझी मिठू


२ एप्रिल

चि. मिठूस,

छोटंच लिहिते, घसा बसलाय. पत्राला घसा लागत नाही हे मला माहीत आहे, पण अंगात कसकस आहे.

घाई करू नकोस. जूनपर्यंत थांब. तुझं दुसरं स्कॅनिंग अठराला आहे ना, मी त्या दिवशी नेमकी बाहेर असेन. किल्ली शेजारी ठेवते.

ताई


६ मे

ताई,

काल बुवाचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मग म्हणाला, "तुझी ताई काय बोलते गं! पहिल्या दिवशी सकाळी जरा अडखळली. पण नंतर! आकडे आले की तुझ्यासारखंच पान डावीकडे ओढते. चपला काढून बसते. दोनदा मी तिला तुझ्याच नावाने हाक मारली."

मी हसून म्हटलं, "हो ना." वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडची वाक्यं बोलतेय, पण ते 'हो ना' कुणाचं होतं मला माहीत नाही.

मी तुला विचारते, त्या एका महिन्यात किती पत्रं लिहिता आली असती? एक ओळ? 'मला बोलावलंय, जाऊ का?' पण तू विचारलंस ते पाण्याचं आणि आकड्यांचं. आणि मी गाढव, तू माझ्यासाठी करतेयस म्हणून डोळे पुसत चार पानं लिहिली. अठराला तू बाहेर नव्हतीस. तू मला तोंड दाखवू शकत नव्हतीस.

आईकडून तुला तिचे दाट केस मिळाले, तिची उंची मिळाली, आणि ते 'नाही' मिळालं. मला जे मिळालं ते कापून टाकावं लागलं. मला एक खुर्ची होती फक्त. काचेच्या खोलीतली एक खुर्ची.

पंधरा दिवसांपासून शब्द पुन्हा जायला लागलेत. आता वाटतं जाऊ देत. दुसरी पट्टी सुरू होऊन अठरा दिवस झाले होते, ती आत्ता ओढून काढली, कातडी लाल झालीय. जाळेवालीला कळवलंय की मी येणार नाही. ज्या अभ्यासात तुझ्याशी माझी तुलना आहे, त्यात मला राहायचं नाही. तुझ्याशी तुलना मला आयुष्यभर पुरली.

मिठू म्हणू नकोस यापुढे.


१५ मे

मिठू, मिठूच म्हणणार,

चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं.

फेब्रुवारीअखेर मॅनेजरबाईंचा फोन आला, मी भाषांतरं करते हे त्यांना तुझ्याकडूनच ठाऊक होतं. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की तुझ्या जागी. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. 'विचार करून सांगते' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं 'हो'. मग रोज ठरवायचं, आज मिठूला लिहू. आणि रोज वाटायचं, तिने 'नको' म्हटलं तर? पंचेचाळिसाव्या वर्षी मला कुणी पुन्हा बोलावणार होतं?

पहिला दिवस वाईट गेला. दुसरा बरा. तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई बोलायला उभी राहिली, तिचं घर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. ती घाईत नव्हती. मी तिच्या मागे मागे चालत गेले, आणि थोड्या वेळाने मला माझा आवाज ऐकू येईनासा झाला, फक्त तिचं घर दिसत होतं, ओटा, दार, पायऱ्या. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? मिठूला हे रोज मिळत होतं! वीस वर्षं! आणि कार्टीने मला कधी सांगितलं नाही! तुझ्या खुर्चीत बसून, तुझ्या युक्त्या वापरून, मी तुझाच हेवा करत होते. आता बोल.

लपवलं त्याची माफी मागते, पाया पडून मागते. आनंद झाला त्याची मागत नाही, कारण ती खोटी होईल.

आणखी एक खोटं आहे. ते एकवीस नव्हते. चौदा होते. चित्र खणात हरवलं नव्हतं, त्याच्या मागे जाळेवालीच्या अक्षरात '१४' लिहिलंय म्हणून पाठवलं नाही. तुझे किती झालेत मला माहीत नव्हतं, तुझे अठरा धरले होते आणि वर तीन चढवले. तुझे नऊ वाचले तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एकदा तुझ्या पुढे जाऊन उभं राहिल्यावर पाय निघेना. चित्र सोबत पाठवतेय, बघ.

आणि ते चित्र आता त्यांच्या कामाचंही नाही. एप्रिलात रक्त तपासून जाळेवाली म्हणाली, "तुमचं इस्ट्रोजेन फार वरखाली होतंय, पाळीही दोनदा चुकलीय. तुलनेच्या यादीत तुम्हाला धरता येणार नाही." नाव काढलं माझं. परवा चाळणी हातात धरून उभी होते आणि तिला काय म्हणतात ते आठवेना. तुला गच्चीवरून ढकललं, मी जिन्याने उतरतेय. पोहोचायचं दोघींना तिथेच.

माझ्यावरचा राग तुझ्या मेंदूवर काढू नकोस. जाळेवालीला फोन कर.

ताई


१२ जून

चि. मिठूस,

उत्तर नाही. नसू दे.

मॅनेजरबाईंनी जुलैसाठी विचारलंय. मी म्हटलं, बहिणीला विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, "त्यांचा काय संबंध?" मी म्हटलं, "आहे."

ताई


५ जुलै

प्रिय ताई,

लिहायला बसते आणि उठते, असं महिनाभर चाललंय. आज उठायचं नाही असं ठरवलंय.

फोन मी केला नाही, जाळेवालीनेच केला. म्हणाली, "पट्टी सोडलेल्या बाईचंही स्कॅनिंग आम्हाला हवं असतं." गेले. तुझ्या घरावरून रिक्षा गेली, राखाडी पडदे दिसले. थांबवली नाही.

माझा भाग संपला म्हणून त्यांच्या समितीला विचारून तिने कुठली पट्टी कुठली ते लिहिलेलं माझं पाकीट उघडलं. पहिली पट्टी खरी होती. दुसरीत काहीच नव्हतं. म्हणजे मी एवढा थयथयाट करून, कातडी सोलून जी काढली, ती नुसती चिकटपट्टी! जाळेवालीही हसली, मीही हसले, मग मी रडले.

तिने तिन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. पहिल्या पट्टीच्या वेळी त्या फिक्या रेघांपैकी बऱ्याच गडद झालेल्या, आताच्या चित्रात पुन्हा फिकट. मी विचारलं, "म्हणजे इस्ट्रोजेनने माझे शब्द आणले ना?" ती म्हणाली, "जोडणी बदलली, एवढं दिसतंय. शब्द त्यामुळे आले, की तीच परीक्षा पुन्हा दिली म्हणून, की तुम्ही तेव्हा खूश होतात म्हणून, ते एका बाईवरून मला सांगता येणार नाही. साठ बायका होऊ देत, मग बोलू." मला तिचा राग आला आणि विश्वासही वाटला.

आता डॉक्टरांनी खरी पट्टी लिहून दिलीय. सोळा-सतरा शब्द होतात. पण मधेच एखादा अजून अडतो, आणि अडत अडत बूथ चालत नाही, ताई, हे तुला आता कळतं. म्हणून मी इथल्या रुग्णालयात दुभाष्याचं काम घेतलंय. तिथे एक जण बोलून थांबतो, मग मी बोलते.

गेल्या गुरुवारी एक बाई आली, चाळिशीची, शाळेत गणित शिकवणारी, परक्या भाषेची. तिचंही 'हो' निघालेलं. डॉक्टर तिला ऑपरेशन समजावत होते. अंगातून गरम वाफा येतील, झोप बिघडेल, हाडांना जपावं लागेल. मी सांगत होते. तिने विचारलं, "आणि डोक्याचं?" मी विचारलं. डॉक्टर कागदावरून नजर न काढता म्हणाले, "त्याची काळजी नको." आमचा नियम असा की कानावर आलं तेच तोंडातून गेलं पाहिजे. मी सांगितलं, त्याची काळजी नको. तिने मान डोलावली आणि मला वाटलं मी आत्ता हिला खड्ड्यात ढकललं.

एक वाक्य आम्हाला बोलता येतं, फार क्वचित. मी हात वर करून म्हटलं, "दुभाषी स्वतःच्या वतीने बोलतेय." दोन्ही भाषांत म्हटलं. "शब्द आणि आठवण यांवर काय परिणाम होऊ शकतो, हे यांना नीट जाणून घ्यायचं असावं. वेळ द्याल का?" डॉक्टरांनी मान वर करून पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पेन खाली ठेवलं. पुढची वीस मिनिटं ते बोलत होते. जे माहीत आहे ते, आणि जे अजून कुणालाच माहीत नाही तेही. एकदा मला शब्द अडला. सगळे थांबले. आला.

तिच्याबरोबर तिची बहीण आली होती. बाहेर बाकावर बसून ती सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावत होती आणि हिला दटावत होती की तू नेहमी उलटे का ठेवतेस. ही गप्प बसून दटावून घेत होती. मी पाण्याच्या नळाशी उभी राहून बघत राहिले. इतका हेवा मला तुझ्या पाकिटाचाही वाटला नव्हता. त्या बाईला मी म्हणणार होते, ऊठ, मला बसू दे तिथे. भीती, ऑपरेशन, सगळं पुन्हा होऊ दे.

जुलैला हो म्हण. मला त्रास होणार आहे, तो धरून चाल. तुला बुवाने माझ्या नावाने हाक मारली तर ओ देऊ नकोस, एवढंच.

आणि आता माझं खोटं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू बॅग भरून निघाली होतीस आणि मी फोनवर सांगितलं, येऊ नकोस, इथे जवळच्या कुणाला थांबू देत नाहीत. देत होते, ताई. शेजारी खुर्ची होती, दिवसभर रिकामी होती. 'नाही' वालीला तिथे बसलेलं मला बघवलं नसतं.

रविवारी येशील का? मी स्टेशनवर येते.

तुझी मिठू